घर बांधणारे हात

(पेडगाव, जि. परभणी येथे युवकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



'युवक आणि गृहबांधणी व्यवसाय' हा विषय संयोजकांनी मला दिला आहे. विषय युवकांचा असला तरी मला प्रथम बोलावयाचे आहे ते मागच्या रांगांत बसलेल्या त्यांच्या आईवडिलांशी.

आज घर बांधावयास काढले की चांगल्या गवंड्यासाठी ताटकळावे लागते. फरशी बसवणारे कारागीर राजस्थान, उत्तर प्रदेशातून येतात. आणि आपल्या घरचा बी. ए. झालेला मुलगा भरतीची तिसरी-चौथी परीक्षा देत असतो. हातात कसब असलेला गवंडी कंत्राटी कारकुनापेक्षा पुष्कळदा अधिक मिळवतो, हे त्या मुलाला ठाऊक नसते असे नाही. परंतु सोयरिकीच्या बैठकीत 'मुलगा काय करतो?' या प्रश्नाला 'गवंडीकाम' असे उत्तर आले की पुढची बोलणी थंडावतात, हेही त्याला ठाऊक असते. तेव्हा 'तरुणांना कष्ट नकोत' असे म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही. त्यांना नको आहे तो अवमान.

हा अवमान आपल्या परंपरेतून आला, असे कोणी म्हणेल. मला ते अर्धेच खरे वाटते. औंढा नागनाथचे मंदिर पाहा, आपल्याच जिंतूर तालुक्यातील चारठाण्याची मंदिरे आणि बारव पाहा. दगडाला दगड असा बसवला आहे की शतके लोटली तरी तो हललेला नाही. या शैलीला आपण हेमाद्री पंडितांचे नाव दिले. ज्या पाथरवटांनी तो दगड घडवला, त्यांचे एक नाव तरी आपल्याला सांगता येईल काय? वडार, बेलदार, पाथरवट यांच्या हातचे काम आपण पूजिले आणि त्या हातांना मात्र गावाबाहेर पालात ठेवले.

कसबाची उपेक्षा केली की काय होते, हे मराठवाड्याने पाहिले आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. गणेश विसर्जन आटोपून माणसे झोपली होती. लातूर आणि तेव्हाचे उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, या जिल्ह्यांत आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे गेली. मी त्या वेळी पत्रकारितेत नुकताच आलो होतो. पुढे अभियंत्यांकडून जे ऐकले ते विसरता आलेले नाही. जमीन हलली हे खरे, पण माणसे मेली ती घरांखाली. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती मातीत रचलेल्या; आतला थर निराळा, बाहेरचा निराळा, मध्ये नुसती भर; दोन्ही थरांना सांधणारा आरपार दगड नाही. वर लाकडी माळवद आणि त्यावर मातीचा प्रचंड भार. आरपार दगड घालणे, कोपरे नीट सांधणे, दारे-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना बांधणारा सलोह काँक्रीटचा पट्टा देणे, ही काही अवकाशविद्या नव्हे. शिकलेल्या गवंड्याला ती सहज साध्य आहे.

आपल्या पेडगावच्या शिवाराचेच घ्या. काळी जमीन कापसाला उत्तम, पायाला अवघड. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरची भिंतही सोबत ओढते. पाया मुरमापर्यंत न्यावा की दुसरा उपाय योजावा, हे जाणकारीने ठरवावे लागते. काँक्रीटमध्ये हात चालावा म्हणून ओतलेले जादा पाणी त्याची ताकद घटवते. काम झाल्यावर मात्र तेच पाणी साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला दहा दिवस द्यावे लागते. टंचाईत ओल्या बारदानाने काम भागते. जन्मभराची पुंजी लावून बांधलेल्या घराचे आयुष्य अशा गोष्टींवर ठरते. हे ज्ञान आहे, आणि त्याला ज्ञानाचा मान हवा.

तो मान भाषणांनी मिळणार नाही (माझ्याही नाही). आज मुलगा गवंड्याच्या हाताखाली जातो, वर्षानुवर्षे घमेले वाहतो, पाहून पाहून थोडे शिकतो. कागद नाही, विमा नाही, डोक्यावर शिरस्त्राण नाही. अशा वाटेने कोण येईल? जर्मनीत गवंडी होऊ इच्छिणारा मुलगा तीन वर्षे कामावर आणि शाळेत असा दोन्हीकडे शिकतो, त्या काळात वेतन घेतो आणि परीक्षा देऊन बाहेर पडतो. आपल्याकडेही औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये गवंडीकाम आणि नळजोडणीचे एक वर्षाचे, वीजतंत्री आणि स्थापत्य आरेखकाचे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत सुतार, लोहार यांच्याबरोबर गवंडीही आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला 500 रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य अशी तिची रचना आहे. वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराला राज्याच्या कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. 2024 मध्ये इस्रायलने भारतातून सेंट्रिंग, सळईकाम, फरशी आणि गिलाव्याचे कारागीर निवडले, तेही प्रत्यक्ष काम करवून घेऊन. तेथे पदवी कोणी विचारली नाही.

भगिनींविषयी एक शब्द. बांधकामावर वाळू-विटा वाहणाऱ्या स्त्रिया आपण रोज पाहतो, पण थापी त्यांच्या हाती क्वचितच दिसते. झारखंडमध्ये स्वच्छ भारत अभियानातील शौचालये बांधताना हजारो स्त्रिया गवंडीकाम शिकल्या. लोक त्यांना 'राणी मिस्त्री' म्हणू लागले. आपल्या बचत गटांनी हे मनावर घ्यावे.

आता पेडगावपुरते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात, घरकुल बांधता बांधताच गवंड्याला 45 दिवसांचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. गावात मंजूर होणाऱ्या घरकुलांपैकी दोन तरी घरे अशी शिकवणीची घरे व्हावीत, असा अर्ज ग्रामपंचायतीमार्फत पंचायत समितीकडे द्या. येथे बसलेल्या अनुभवी गवंडी मंडळींनी प्रत्येकी दोन मुले हाताखाली घ्यावीत, आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या हाती घमेल्याबरोबर ओळंबाही द्यावा. ज्यांची नावे द्यायची असतील त्यांच्यासाठी बाहेर वही ठेवली आहे. वडिलांनी मुलाबरोबर यावे, ही विनंती.