पडद्यावरचे वैद्यकशास्त्र आणि आपली विहारे
(घाटकोपर येथील एका विहारात विद्यार्थी व पालक यांच्यापुढे केलेले भाषण)



भगवान बुद्धांवर उपचार करणारा वैद्य जीवक हा कोण होता? विनयपिटकातील कथेप्रमाणे राजगृहाच्या सालवती गणिकेने जन्मताच त्याला उकिरड्यावर टाकविले आणि अभय राजकुमाराने त्याला वाढविले. पुढे तो तक्षशिलेस गेला व सात वर्षे वैद्यक शिकला. जन्म त्याच्या विद्येच्या आड आला नाही. ज्या धम्माचा आपण स्वीकार केला, त्या धम्माच्या परंपरेतील हा थोर वैद्य आहे. तेव्हा आपल्या मुलामुलींनी डॉक्टर होण्याची आकांक्षा धरली, तर त्यात नवल ते काय?

या आकांक्षेसाठी आज एक नवे साधन हाती आले आहे. भारत सरकारने २०१७ साली 'स्वयम्' हे व्यासपीठ सुरू केले. त्यावर जीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र अशा विषयांची व्याख्याने, वाचनसाहित्य आणि स्वाध्याय घरबसल्या मिळतात. शिकण्यास पैसे पडत नाहीत. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेचे शुल्क भरावे लागते. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेच्या तयारीसाठी शिक्षण मंत्रालयाने कानपूरच्या आय.आय.टी.च्या साहाय्याने २०२३ साली 'साथी' ही मोफत सोयही उघडली. दिवसा दुकानात काम करणाऱ्या मुलाला रात्री दहा वाजता धडा ऐकता येतो, न समजल्यास पुन्हा ऐकता येतो.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. तेथे सकाळचे वर्ग भरत, ते नोकरी करणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांना शिकता यावे म्हणून. विद्यार्थ्याने विद्यालयाची वेळ गाठावी, यापेक्षा विद्यालयाने विद्यार्थ्याची वेळ ओळखावी, हे तत्त्व त्यांनी तेव्हाच आचरणात आणले होते.

परंतु मित्रहो, साधन उपलब्ध असणे निराळे आणि ते हाती येणे निराळे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ साली केला. महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले असल्याचे जाहीर केले. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तेथे जाऊन ओंजळ भरीपर्यंत आपल्या माणसाला त्या पाण्याला हात लावता आला नव्हता. ज्ञानाचे तळे आज कागदोपत्री खुले आहे. पण रमाबाई आंबेडकर नगरातील किंवा मुलुंड-बोरिवलीच्या वस्तीतील एका खोलीत पाच माणसे राहत असतील, घरात एकच फोन असेल आणि तो वडील कामावर नेत असतील, तर त्या घरातील मुलीने पाणी कशाने शेंदावे? शिवाय पुष्कळसे अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत. 'नीट'ची प्रश्नपत्रिका मराठीत मिळू शकते. तिच्या ७२० गुणांपैकी ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे असतात. मराठीतून शिकलेल्या मुलीला विषय समजतो, अडते ते परिभाषेपाशी.

दुसरा धोका फसवणुकीचा आहे, आणि तो पालकांनी नीट ऐकावा. पडद्यावरून पूर्वतयारी होते, डॉक्टर होता येत नाही. एम.बी.बी.एस.ची पदवी घरबसल्या मिळत नाही. त्यासाठी शवविच्छेदन, प्रयोगशाळा आणि रुग्णाची खाट यांच्यापाशी वर्षे काढावी लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने तर २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून आरोग्याशी संलग्न विषयांचे ऑनलाइन व दूरस्थ पदवीक्रमही बंद करण्यास सांगितले. त्यात मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, आहारशास्त्र असे विषय आहेत. तेव्हा अशा पदवीचे आमिष दाखवून कोणी हजारो रुपये मागू लागला, तर मंगळसूत्र गहाण ठेवण्यापूर्वी चौकशी करा.

तिसरी गोष्ट हक्काची. वैद्यकीय जागांचा प्रश्न आपल्या घटनेच्या मुळाशी आहे. मद्रास राज्यातील वैद्यकीय व इंजिनिअरिंग महाविद्यालयांतील जागांची जातवार वाटणी सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली रद्द ठरविली. त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन कलम १५ चा चौथा खंड आला आणि राखीव जागांना आधार मिळाला. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपण धम्म स्वीकारला, तेव्हा केंद्राच्या दप्तरी आपला अनुसूचित जातीचा दर्जा गेला. तो परत मिळावयास १९९० साल उजाडले. चौतीस वर्षे! इतक्या प्रयासाने मिळालेली जागा केवळ दाखला वेळेवर काढला नाही म्हणून गमवावी काय? धर्म बौद्ध असे अभिमानाने लिहा; पण जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र यांची खटपट अकरावीतच सुरू करा. निकालानंतर धावाधाव करणाऱ्याला प्रवेशाची मुदत थांबून वाट पाहत नाही.

मग करावे काय? आपली विहारे रविवारच्या वंदनेनंतर कुलूपबंद का राहावीत? प्रत्येक विहाराने सायंकाळी सात ते दहा आपले दार विद्यार्थ्यांसाठी उघडावे. एक इंटरनेटची जोडणी, एक मोठा पडदा, दोन पंखे आणि पुस्तकांचे एक कपाट, एवढ्याने आरंभ होतो. वर्गणीतील काही भाग मिरवणुकीच्या ध्वनिक्षेपकावरून इकडे वळवा. आपल्यातील जे डॉक्टर झाले, परिचारिका झाल्या, वैद्यकीय महाविद्यालयात शिकत आहेत, त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी आणि पडद्यावरचा इंग्रजी धडा मराठीत उलगडून सांगावा. मुलींना घरी पोहोचविण्याची जबाबदारी महिला मंडळाने घ्यावी, म्हणजे आईबापांना काळजी राहणार नाही.

राजावाडी आणि कूपर रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत पहाटेपासून रांगेत उभी राहणारी माणसे आपल्याच वस्त्यांतील असतात. कूपरला जोडून महानगरपालिकेचे वैद्यकीय महाविद्यालय २०१५ साली उभे राहिले. त्या रांगेतील माणसाची व्यथा जिला सांगावी लागत नाही, अशी मुलगी त्या महाविद्यालयात शिकावयास जावी, ही माझी इच्छा आहे. आजारी भिक्षूची सेवा तथागतांनी स्वहस्ते केली आणि रुग्णसेवेला आपल्या सेवेचा मान दिला. तो मान मिळविण्याची तयारी या विहारात कोणत्या वारापासून सुरू करावयाची, ते येथून उठण्यापूर्वी ठरवा आणि किल्ली कोणाकडे राहील तेही ठरवा.

नमो बुद्धाय. जय भीम.