फाइल सापडत नाही म्हणून ७७७ देऊ नका



या कार्यक्रमाकडे येणाऱ्या पत्रांत एक पत्र असे आहे, की त्यावरील सही आणि गाव तेवढे बदलते, मजकूर मात्र बदलत नाही. घरच्या संगणकावर महिनोन्‌महिने बिनतक्रार चाललेली पीएचपीची स्क्रिप्ट भाड्याच्या सर्व्हरवर चढवली आणि तिथे ती फाइल उघडीना. कुणीसे सांगितले म्हणून सगळ्या फोल्डरांना ७७७ परमिशन देऊन पाहिली, तरीही उघडीना. आता काय करावे? या पत्रातील अडचण मला समजते, आणि तिचे निराकरण आज सावकाश करावे असे मी योजले आहे; परंतु ७७७ चा उल्लेख आला की दर वेळी मला मनापासून वाईट वाटते, आणि म्हणून उत्तराच्याही आधी माझी विनंती नोंदवून ठेवतो. ७७७ देऊ नका. ज्यांनी दिले असेल त्यांनी ते काढून घ्यावे. त्याचा खुलासा पुढे करणारच आहे.

प्रथम पीएचपी काय म्हणते ते पूर्ण वाचावे. फाइल उघडता आली नाही तर 'फेल्ड टू ओपन स्ट्रीम' हे शब्द येतात, हे बहुतेकांना ठाऊक असते आणि बहुतेकांचे वाचन तिथेच थांबते. वास्तविक कामाचे वाक्य त्याच्या पुढे असते. ते बहुधा दोहोंपैकी एक असते: 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी', अथवा 'परमिशन डिनाइड'. पहिल्याचा अर्थ असा, की आपण ज्या जागी पाठवले त्या जागी काही नाही. दुसऱ्याचा अर्थ असा, की जागा बरोबर असेल, पण तिथे हे काम करण्याचा अधिकार आपल्याला नाही. पहिल्याचा संबंध पाथशी आहे आणि दुसऱ्याचा परमिशनशी. जी फाइल त्या जागी मुळातच नाही, तिच्याभोवतीचे अधिकार कितीही वाढवले तरी ती तिथे अवतीर्ण होणार नाही. म्हणूनच '७७७ देऊनही चालत नाही' अशी पत्रे येतात. पुढे कधीतरी पाथ दुरुस्त होतो, स्क्रिप्ट चालू लागते, आनंदाच्या भरात सगळे विसरले जाते, आणि ७७७ तेवढे सर्व्हरवर मागे राहते.

हे वाक्य पडद्यावर दिसत नसेल तर घाबरू नये. चालत्या सर्व्हरवर ते पडद्यावर दाखवूच नये; ते एरर लॉगमध्ये लिहिले जाते. डेबियन किंवा उबुंटूवर अपाची असेल तर तो लॉग 'वार' फोल्डरातील 'लॉग', त्यातील 'अपाची२' येथे मिळतो, आणि भाड्याच्या होस्टिंगवर कंट्रोल पॅनेलमध्ये.

आता पाथचा विचार करू, कारण दहांतील बहुतेक पत्रांचे मूळ तिथेच असते. 'मारुतीच्या देवळामागचे घर' हा पत्ता गावातल्या गावात पुरेसा असतो. परंतु तोच पत्ता घेऊन शेजारच्या गावी गेलेला मनुष्य तिथल्या मारुतीमागचे, भलत्याच इसमाचे दार ठोठावील, कारण मारुती प्रत्येक गावाला आहे. नुसते 'डेटा', मग तिरकी रेघ, मग 'यादी डॉट सीएसव्ही' असे लिहिलेला पाथ हा असाच पत्ता होय. तो कुठून मोजायचा हे त्यात लिहिलेले नसते, आणि पीएचपी तो आपली स्क्रिप्ट ज्या फोल्डरात ठेवली आहे तिथून मोजते ही समजूत सर्वांत अधिक घोटाळे करते. फाइल उघडताना पीएचपी तो त्या क्षणीच्या चालू फोल्डरापासून मोजते. ब्राउझरमधून विनंती आली असेल तर ज्या स्क्रिप्टचा पत्ता ब्राउझरने मागितला तिचे फोल्डर सामान्यतः चालू असते, मग फाइल उघडणारी ओळ दुसऱ्याच फोल्डरातून इन्क्लूड केलेल्या फाइलीत का असेना. टर्मिनलमधून चालवली तर आपण आज्ञा देताना जिथे होतो ते फोल्डर. आणि क्रॉनने रात्री चालवली तर बहुधा त्या युजरचे होम फोल्डर. स्क्रिप्ट एक, पाथ एक, आणि ठिकाणे तीन. इन्क्लूड आणि रिक्वायर यांची शोधण्याची रीत याहून उदार आहे, ती इतर ठरलेल्या फोल्डरांत आणि स्वतःच्या फाइलीशेजारीही पाहतात; तेव्हा इन्क्लूड चालले म्हणून 'एफओपन' चालेल असे अनुमान करू नये.

एका सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यवाहांनी कळवलेली हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. पुस्तकांच्या देवघेवीची यादी रोज रात्री एका सीएसव्ही फाइलीत लिहिणारी स्क्रिप्ट त्यांनी तयार केली. ब्राउझरमधून चालवून पाहिली, यादी नीट उमटली. मग क्रॉनला लावून ते निश्चिंत झाले. दोन आठवड्यांनी पाहतात तो यादीवर तारीख पहिल्याच दिवसाची, आणि लॉगमध्ये एकही तक्रार नाही. तक्रार नव्हती, कारण चूकही झालेली नव्हती: स्क्रिप्टने नुसते 'यादी डॉट सीएसव्ही' एवढेच नाव दिले होते, आणि लिहिण्यासाठी उघडलेली फाइल त्या जागी नसेल तर पीएचपी ती नवी निर्माण करते. रोज रात्री ताजी यादी इमानेइतबारे लिहिली जात होती, मात्र होम फोल्डरात. वाचनालयाचे लोक पाहत होते ती साइटच्या फोल्डरातील जुनी. वाचताना पाथ चुकला तर निदान एरर येते. लिहिताना चुकला तर तीही येईलच असे नाही.

उपाय एका ओळीचा आहे, कृपया लिहून घ्यावा. दोन अंडरस्कोअर, मग कॅपिटल अक्षरांत डी, आय, आर, आणि पुन्हा दोन अंडरस्कोअर. याला डिर स्थिरांक म्हणू. ही ओळ ज्या फाइलीत लिहिली त्या फाइलीच्या फोल्डराचा संपूर्ण पाथ तो देतो, मग ती स्क्रिप्ट कुणीही, कुठूनही आणि केव्हाही चालवो. पीएचपी ५.३ पासून, म्हणजे २००९ सालापासून, तो उपलब्ध आहे, तेव्हा आपल्या होस्टिंगवर तो नसेल ही शंका नको. प्रत्येक पाथ त्याच्यापासून सुरू करावा. त्याच्या शेवटी तिरकी रेघ नसते, म्हणून जोडताना ती आपण घालावी लागते. ती राहिली तर 'साइट' आणि 'डेटा' मिळून 'साइटडेटा' नावाचे कुठेही नसलेले फोल्डर तयार होते. आणि तरीही गाडे अडले, तर तर्क लढवीत बसू नये: 'गेटसीडब्ल्यूडी' चे उत्तर, म्हणजे त्या क्षणीचे चालू फोल्डर, आणि आपण बनवलेला संपूर्ण पाथ, हे दोन्ही लॉगमध्ये छापून डोळ्यांनी पाहावे. 'रिअलपाथ' ला तोच पाथ दिला आणि त्याने फॉल्स म्हटले, तर बहुधा फाइल तिथे नाहीच.

पाथच्या आरंभी नुसती तिरकी रेघ देणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे, की ब्राउझरच्या दृष्टीने त्या रेघेचा अर्थ साइटचे मूळ असा असला, तरी पीएचपीच्या दृष्टीने तो अख्ख्या सर्व्हरच्या डिस्कचे मूळ असा आहे. शिवाय विंडोजला 'फोटो डॉट जेपीजी' मधील लहान व कॅपिटल अक्षरे सारखीच वाटतात, लिनक्सला ती दोन वेगळी नावे वाटतात; कॅमेऱ्यातून आलेली कॅपिटल जेपीजीची चित्रे सर्व्हरवर दिसेनाशी होतात ती यामुळे.

आता परमिशन, आणि माझी ती विनंती. ७७७ मधील पहिला आकडा फाइलीच्या मालकाचा, दुसरा गटाचा आणि तिसरा उरलेल्या सर्वांचा. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. फोल्डराच्या बाबतीत हा १ म्हणजे आत शिरण्याची मुभा. तिन्हींची बेरीज ७. तेव्हा आपण एखाद्या फोल्डराला ७७७ दिले, की त्या यंत्रावर ज्याचे ज्याचे खाते आहे अशा प्रत्येकाला त्यात नवी फाइल निर्माण करण्याचा, असलेली काढून टाकण्याचा आणि तिच्या जागी त्याच नावाची स्वतःची ठेवण्याचा अखत्यार दिला. स्वस्तातल्या होस्टिंगवर ही खाती अनोळखी लोकांची असतात, आणि त्यांतील एखादी साइट कुणी फोडली, तर तो मनुष्य तिथून आपल्या फोल्डराशीही येऊन पोहोचू शकतो. साइटच्या आतील अशा फोल्डरात त्याने एक छोटी पीएचपी फाइल ठेवली आणि ब्राउझरमधून तिचा पत्ता उघडला, की ती आपल्याच साइटची म्हणून चालते. आपल्या डेटाबेसचा पासवर्ड वाचते, आपल्या नावाने मेल पाठवते. वाचनालयाच्या सभासदांची नावे, पत्ते आणि फोन क्रमांक आपल्या विश्वासावर ठेवलेले असतात, आणि आपण केवळ एरर जावी म्हणून ते अशा स्थितीत ठेवतो, हे मला अत्यंत अनुचित वाटते.

योग्य तजवीज फारशी कठीण नाही. एफटीपीने चढवलेल्या फाइलींचे मालक आपण असतो, आणि पीएचपी मात्र दुसऱ्याच युजरच्या नावाने चालत असू शकते. डेबियन-उबुंटूवर तो सहसा 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' असतो, रेड हॅट कुळात 'अपाची'. ज्या एकाच फोल्डरात स्क्रिप्टला लिहायचे आहे त्याचा गट तो करावा आणि त्या फोल्डराला ७७५ द्यावे. बाकीची फोल्डरे ७५५, फाइली ६४४. शक्य तर ते लिहिण्याचे फोल्डर साइटच्या बाहेर ठेवावे, म्हणजे ब्राउझर तिथे पोहोचणारच नाही. अनेक होस्टिंगवर पीएचपी आपल्याच नावाने चालते. तिथे ७५५ पुरते, आणि काही ठिकाणी तर ७७७ दिसताच सर्व्हर स्क्रिप्ट चालवण्यास साफ नकार देतो. वरच्या प्रत्येक फोल्डरात शिरण्याची मुभा आहे ना, हेही पाहावे. रेड हॅट कुळात सर्व आकडे बरोबर असूनही 'परमिशन डिनाइड' आले, तर एसई-लिनक्सचे लेबल तपासावे. तिथेही ७७७ चा उपयोग शून्य. पीएचपीतूनच 'सीएचमॉड' करीत असाल, तर आकड्याआधी ० लिहावा, नाहीतर ७५५ हा साधा दशमान आकडा समजला जातो आणि भलतीच परमिशन बसते.

एका भगिनींनी कळवले आहे, की फाइल उघडणाऱ्या ओळीआधी 'अ‍ॅट' चे चिन्ह घातल्यापासून एरर येणे थांबले. ताई, अडचण आहे तिथेच आहे; ती आपल्याला सांगणारे एकमेव वाक्य तेवढे आपण बंद केले. ते चिन्ह आजच काढा, लॉगमधली ओळ वाचा, आणि तरीही उलगडा झाला नाही तर मला अवश्य पुन्हा लिहा. आपल्या प्रश्नाला उत्तर देण्याचा मला कंटाळा नाही.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. 'डब्ल्यू' मोडने फाइल उघडली, की तीतील जुना मजकूर त्याच क्षणी नाहीसा होतो, कुलूप लावण्याच्याही आधी. भर घालायची असेल तर 'ए' वापरावा. चालू साइट जी फाइल सतत वाचते, ती बदलायची झाल्यास नवा मजकूर शेजारी तात्पुरत्या फाइलीत पूर्ण लिहून मग 'रिनेम' करावे. मोठी फाइल 'फाइल-गेट-कंटेंट्स' ने एकदम उचलू नये, ओळीओळीने वाचावी. अपलोडची मूळ मर्यादा २ एमबी असते. मोठे फोटो येत नसतील तर प्रथम ती पाहावी. आणि फाइलींना मराठी नावे देणाऱ्यांसाठी: लिनक्सवर नाव सहसा २५५ बाइटांपर्यंत चालते, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रांसह, ३ बाइटे घेते, म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपते.

पुढील पत्र लिहिताना एररची ओळ पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत उतरवावी, आणि स्क्रिप्ट ब्राउझरमधून चालते की क्रॉनमधून तेही लिहावे. मात्र त्याआधी, आज रात्रीच, आपल्या सर्व्हरवर कोणकोणत्या फोल्डरांना ७७७ आहे ते शोधा आणि ते ७५५ करा. एखादी स्क्रिप्ट त्यामुळे अडली, तर तिला कोणत्या फोल्डरात लिहायचे आहे हे लॉग सांगेल. तेवढ्या एका फोल्डराची व्यवस्था करा, आणि बाकीची बंद राहू द्या.