कारण नसताना फिरायला

(कोल्हापुरात स्त्री-संघटनांच्या बैठकीत केलेले भाषण)



‘दोन शब्द बोलायला उभी आहे’ असं म्हणायची पद्धत आहे. मी बसूनच बोलणार आहे, तेवढं चालवून घ्या.

मी दोन वर्षांची असताना मला पोलिओ झाला. दोन्ही पायांत कॅलिपर आणि काखेत कुबड्या आल्या. शाळेत वडील सायकलवरून सोडायचे, कॉलेजला भाऊ. नोकरी लागल्यावर १९९४ साली मी कायनेटिक होंडा घेतली आणि उद्यमनगरातल्या एका कारागिराकडून मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जादा चाकं बसवून घेतली. गाडी ताब्यात देताना तो म्हणाला, “बाई, आता ही पडायची न्हाई. फक्त गटारीत घालू नका.” त्या दिवशी मी उलट्या रस्त्यानं, सगळ्या गावाला वळसा घालून घरी आले.

कायद्याच्या भाषेत अशा गाडीला तेव्हा ‘इनव्हॅलिड कॅरेज’ म्हणत. इनव्हॅलिड म्हणजे दुबळा, आजारी माणूस. मोटार वाहन कायद्यातला तो शब्द २०१९ च्या दुरुस्तीत गेला. आम्ही अपंगाचे दिव्यांगही झालो. शब्द बदलतात, पायऱ्या तेवढ्याच राहतात.

ह्या गाडीवरून मी ऑफिसला जायची, बँकेत, मंडईत, दवाखान्यात. घरी कुणी हरकत घेतली नाही. मग एका रविवारी मी एकटीच रंकाळ्यावर जाऊन तासभर बसले. घरी आल्यावर आईनं विचारलं, “कशासाठी गेलीवतीस?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हा प्रश्न तुम्हालाही विचारला जातोच. देवळाला, दळणाला, माहेराला, दवाखान्याला बाई जाऊ शकते, कारण हाताशी कारण असतं. कारण नसताना भटकणं हे पुरुषाचं. अपंग बाईला तर दुप्पट विचारतात. पडलीस तर? कुणी उचलायचं? ह्याच शहरात १९८४ साली नसीमा हुरजूक यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. शिक्षण, वसतिगृह, रोजगार ह्यांसाठी स्वतः चाकाच्या खुर्चीतून त्या झगडल्या. तशा कामामुळेच आमच्यातल्या अनेकजणी आज मिळवत्या आहेत. त्या खांद्यावर उभं राहूनच मी आज पुढचं मागते आहे. मला कामाला जायचा हक्क आहे, तसा उगीच फिरायचाही आहे.

मला जंगलाचं वेड आहे. आपल्या जिल्ह्यात ते दाराशी आहे. दाजीपूरचं जंगल १९५८ साली गव्यांसाठी राखीव झालं, पुढं १९८५ साली त्याचं राधानगरी अभयारण्य झालं. ३५१ चौरस किलोमीटरचं. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात हेही आहे. एकदा एका मैत्रिणीला घेऊन मी माझ्या गाडीवरून फोंडा घाटाच्या रस्त्यानं तिकडं गेले. लक्ष्मी तलावाचं पाणी पाहिलं. झाडीत शेकरू ओरडत होतं, ते गाडी बंद करून ऐकलं. पण पायवाट दिसली तशी गाडी तिच्यावर घातली आणि दहा फुटांवर अडकले. बाजूची चाकं दगडावर चढली की मधलं, जोर देणारं चाक अधांतरी फिरत राहतं. मैत्रिणीनं ओढून मागं काढलं. माझं जंगल डांबर संपेल तिथं संपलं.

आता एक प्रसंग सांगते. जागेचं नाव घेत नाही, कारण एका जागेची ही गोष्ट नाही. संघटनेची सहल होती. अभयारण्यात जायच्या जीपची पायरी माझ्या कमरेएवढी, पुढं निरीक्षणाच्या मनोऱ्याला शिडी. तिथला माणूस भला होता. म्हणाला, “त्यात काय, आम्ही चौघं उचलतो की ताईंना.” सगळ्यांना हायसं वाटलं. मी ‘नको’ म्हटलं. एक मैत्रीण वैतागून म्हणाली, “अगं, मदतच करतायत ना ते!”

बायांनो, ‘माझं शरीर माझं आहे’ हे आपण प्रत्येक शिबिरात सांगतो. परके चार पुरुष मला उचलतात तेव्हा हात कुठं लागला हे उचलणाऱ्याला कदाचित कळत नसेल, मला कळतं. आणि तो उपकार करत असतो, म्हणून तोंडही उघडता येत नाही. लहानपणापासून मी अशी कितीदा उचलली गेले, त्याची मोजदाद नाही. त्या दिवशी नको म्हटलं आणि तीन तास तिकिटाच्या खिडकीशी बसून राहिले. आदल्या रात्रीपासून पाणीही प्यायले नव्हते, कारण कॅलिपर घालून आत शिरता येईल असा संडास वाटेत मिळेल याची खात्री नव्हती. ती मैत्रीण आज ह्या सभेत आहे. त्या दिवसानंतर आम्ही दोघी ह्यावर खूप बोललो, भांडलोही. म्हणूनच आज हे बोलायचं धाडस करते.

उचलण्याला पर्याय आहे. इंग्लंडमध्ये ‘ट्रॅम्पर’ नावाची चारचाकी, बॅटरीवर चालणारी गाडी अनेक निसर्गक्षेत्रांच्या दारात भाड्यानं मिळते. चाकं जाड, आणि दगडधोंड्यातही जमीन धरून ठेवणारी. नेमकं माझ्या गाडीला जे जमत नाही तेच. अपंग माणसं गटानं अशा गाड्यांवरून डोंगरात भटकतात, त्यांची स्वतःची संघटनाही आहे. आपल्याकडेही आयआयटी मद्रासमधून पुढं आलेल्या ‘निओमोशन’नं चाकाच्या खुर्चीला पुढून जोडायचं मोटारीचं चाक बनवलंय. ते लावलं की खुर्चीच गाडी होते, कुणी उचलून गाडीवर बसवायला नको. उद्यमनगरात एवढी यंत्रं घडतात, तर जंगलवाटेवर चालणारी गाडी का घडू नये?

कुणी म्हणेल, हे चोचले आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं २९ वं कलम वाचा. त्यात करमणुकीचा हक्क आहे, मैदानी शिबिरं आणि साहसी उपक्रमही आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सुगम्यतेचे नियम सक्तीचे करायला सरकारला सांगितलं.

कुणी म्हणेल, जंगलात चाकं नेली तर जंगल बिघडेल. जीपची चाकं आधीच तिथं आहेत. मला सगळं जंगल फरसबंद करून नको. एखाद्या किलोमीटरची टणक मातीची, बेताच्या चढाची वाट, रुंद दाराचा एक संडास, आणि फाटकाशी भाड्याच्या दोन गाड्या. त्या चालवायचं काम आसपासच्या गावांतल्या बचत गटांना द्यावं. अभयारण्यांपायी कितीतरी बायकांची सरपणाची वाट बंद झाली, काहींची गावं उठली. मला जंगलात जागा मिळावी आणि त्यांना मिळू नये, असली मागणी मी करणार नाही.

वनखात्याला आपण निवेदन देऊच. पण सुरुवात घरापासून करू. पुढच्या सहलीची जागा ठरवायच्या आधी चार गोष्टी विचारून घ्या: गाडीची पायरी किती उंच, वाट कशी, संडासाचं दार किती रुंद, आणि उचलल्याशिवाय जाता येईल का. उत्तर ‘नाही’ आलं तर जागा बदला, मला घरी ठेवू नका.

आणि मी पुन्हा दाजीपूरला निघाले की ‘कशासाठी?’ असं विचारू नका. ‘कधी निघायचं?’ असं विचारा.