उतारवयांतील विश्रांति

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या ज्येष्ठांच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या निमित्तानें आपल्या देवळाची डागडुजी झाली. जुनी वास्तु टिकावी म्हणून आपण वेळोवेळीं एखादें कौल बदलतों, एखादी भेग बुजवितों. भिंत कोसळेपर्यंत वाट पाहत नाहीं. परंतु ज्या देहांत आपण साठ-सत्तर वर्षें वास्तव्य केलें, त्याच्या डागडुजीचा विचार आपण क्वचितच करतों. म्हणून उतारवयांतील विश्रांतीविषयीं चार शब्द बोलण्याचें मीं आज योजिलें आहे.

विश्रांति या शब्दाची आपल्या घरांत दोन प्रकारें ओढाताण होते. आजोबांच्या बाबतींत तिचा अर्थ खाट असा होतो. "बाबा, तुम्हीं जन्मभर कष्ट केलेत, आतां पडून राहा," असें मुलगा मोठ्या मायेनें म्हणतो, आणि बापाच्या हातांतील विळा, कळशी, बाजाराची पिशवी एकामागून एक काढून घेतो. आजीच्या बाबतींत त्या शब्दास मुळीं अर्थच उरत नाहीं. पहाटेच्या चुलीपासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत आणि त्यांतूनच नातवंडांच्या मागें ती फिरतच असते. एकाला श्रमावांचून विश्रांति, दुसरीला विश्रांतीवांचून श्रम! दोहोंचा शेवट बहुधा एकच होतो: एके दिवशीं न्हाणीघरापर्यंत जाण्यासही दुसऱ्याचा हात धरावा लागतो.

आजाऱ्यांच्या घरीं जाण्याचा प्रसंग धर्मगुरूस वारंवार येतो. तेथें पुष्कळदां असें दिसतें कीं, ताप निघून जातो, पण खाट राहते. खाटेचें सामर्थ्य किती भयंकर आहे, तें एका प्रयोगावरून कळेल. १९६६ सालीं अमेरिकेंतील डॅलस शहरीं वीस वर्षांच्या पांच निरोगी तरुणांस तीन आठवडे अंथरुणावर निजवून ठेवण्यांत आलें. श्रमाच्या वेळीं प्राणवायु वापरण्याची त्यांची शक्ति त्यामुळें फार घटली. तीस वर्षांनीं, १९९६ सालीं, तेच पांच जण पन्नाशीस पोंचले असतां त्यांची पुन्हां तपासणी झाली. तेव्हां असें आढळलें कीं, तीन आठवड्यांच्या अंथरुणानें जेवढी हानि केली होती, तेवढी तीस वर्षांच्या वयानेंही केली नव्हती! पुढें सुमारें सहा महिने त्यांनीं चालणें, हळूं धांवणें व सायकल चालविणें हा व्यायाम क्रमाक्रमानें वाढवीत नेला. आणि तीस वर्षांत गेलेली ती शक्ति त्यांनीं परत मिळविली.

कोणी म्हणेल, पन्नाशी म्हणजे कांहीं म्हातारपण नव्हे. तर दुसरें उदाहरण घ्या. १९९० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत बोस्टन येथें नव्वदीच्या आसपासच्या दहा दुर्बळ वृद्धांस पायांच्या बळाचा व्यायाम देण्यांत आला. नऊ जणांनीं तो आठ आठवडे पार पाडला, आणि त्यांच्या पायांचें बळ सरासरीनें दुपटीहून अधिक झालें. कारण उघड आहे. श्रमानें स्नायूंस मागणी पोंचते. अन्न व झोंप ती मागणी पुरी करतात. मागणीच नसेल तर देह कांहीं बांधीत नाहीं. आणि विसावा नसेल तर त्यास बांधण्यास सवड मिळत नाहीं. वृद्धापकाळीं हें काम मंदावतें, पण थांबत नाहीं. म्हणून श्रमाचा घांस लहान घ्यावा, विसावा वारंवार घ्यावा, आणि यांपैकीं एकही सोडूं नये.

नव्या सवयी विसरतात, म्हणून त्या जुन्या सवयीस बांधाव्या. देवळाची घंटा सकाळ, दुपार, सायंकाळ अशी तीन वेळां वाजते. तीच आपली खूण असूं द्या.

सकाळीं जाग येतांच ताडकन् उठूं नये. एकदम उभें राहतांच रक्तदाब उतरून भोंवळ येते व मनुष्य पडतो. खाटेच्या कांठावर मिनिटभर बसावें, पावलें हालवावीं, मग उठावें. नंतर पेलाभर पाणी प्यावें. वय वाढतें तशी तहानेची जाणीव मंदावते. ज्यांस पाणी मोजून पिण्यास सांगितलें आहे, त्यांनीं आपलें प्रमाण पाळावें. मग भिंतीस टेकविलेल्या भक्कम खुर्चीवरून, जमल्यास हात न टेकतां, पांच वेळां उठावें व बसावें. ज्याला खुर्चीवरून स्वतः उठतां येतें, त्याचें स्वातंत्र्य शाबूत आहे.

दुपारीं जेवणांत स्नायूंस लागणारीं प्रथिनें असावींत: डाळ, वालाची उसळ, अंडें, मासळी. चहा-पावावर व पेजेवर देह तगतो, पण सुधारत नाहीं. मूत्रपिंडाचा विकार असेल त्यानें मात्र डॉक्टरांस विचारावें. जेवणानंतर डोळा लागला तर लागूं द्या, पण अर्ध्या तासानें उठा. दुपारची लांब झोंप रात्रीच्या झोंपेवर डल्ला मारते.

सायंकाळीं चालावें. किती? बोलतां यावें पण गातां येऊं नये, एवढ्या गतीनें अर्धा तास, आठवड्यांतून पांच दिवस. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं सांगितलेलें आठवड्याचें किमान १५० मिनिटांचें प्रमाण इतक्यानें पुरें होतें. एका दमांत न जमल्यास दहा-दहा मिनिटें चालावें. परत आल्यावर ओट्याचा खांब धरून एकेका पायावर दहा अंक मोजेपर्यंत उभें राहावें. तोल हाही सरावानेंच टिकतो. रात्रीं सात-आठ तास झोंप मिळेल अशा बेतानें निजावें, आणि न्हाणीघराच्या वाटेवर लहानसा दिवा ठेवावा.

प्रमाण ओळखण्याची खूण सोपी आहे. दुसऱ्या सकाळींही थकवा उरला, तर आदल्या दिवशींचें प्रमाण निम्मे करावें. पण शून्य करूं नये. छातींत दुखणें, दम कोंडणें, भोंवळ येणें अशीं लक्षणें दिसल्यास तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. मोठ्या दुखण्यांतून उठलेल्यांनीं डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच आरंभ करावा.

शेवटीं घरांतील तरुणांस दोन शब्द. बापाच्या हातांतील सगळें काम काढून घेऊं नका. त्यास झेपेल तें, झाडांना पाणी घालणें असो कीं भाजी निवडणें असो, त्याचें त्यासच करूं द्या. त्यास वेळ लागेल, तो लागूं द्या. आणि दुपारच्या घंटेनंतर अर्धा तास आईस कोणीही हांक मारूं नये. तेवढा वेळ चूल, भांडीं व मुलें तुम्हीं सांभाळा. आपल्या वडीलधाऱ्यांनीं पुढील महोत्सवास स्वतःच्या पायांनीं चालत यावें अशी इच्छा असेल, तर त्या पायांची चाकरी आजच्या सायंकाळपासून सुरू करा.