फियाटचं इंजिन नेमकं किती सीसीचं?

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील ‘माझा छंद’ या कार्यक्रमात केलेलं भाषण)

सेक्रेटरींनी छंदावर बोलायला सांगितलंय. माझा छंद तुम्हाला ठाऊक आहेच. तो पार्किंगमध्ये कव्हर घालून अकरा वर्षं उभा होता आणि त्याच्याखालच्या ऑइलच्या डागावर दोन वार्षिक सभांत चर्चा झाली आहे.

ती बाबांची प्रीमियर पद्मिनी. आपण तिला फियाटच म्हणतो आणि ते चूकही नाही, कारण मूळ आराखडा इटलीतल्या फियाट 1100 चाच. आर.सी. बुकात क्षमता लिहिलीय 1089 सीसी. गेल्या वर्षी उद्यमनगरात इंजिन उघडलं तेव्हा मी मेस्त्रींना विचारलं, “आत्ता हे किती सीसीचं आहे?” ते हसले. “साहेब, बुकात लिहिलंय की!”

पण बुकातला आकडा नव्या इंजिनाचा. सिलिंडर झिजले की रिबोअर करतात, व्यास वाढतो, आकडा बदलतो. हिशेब दहावीतलाच, वृत्तचितीचं घनफळ. व्यासाचा वर्ग, गुणिले 0.7854, गुणिले स्ट्रोक, म्हणजे पिस्टन खालून वर जातो ते अंतर. मापं सेंटिमीटरमध्ये घेतली की उत्तर सीसीत. मूळ बोअर 6.8, स्ट्रोक 7.5. एका सिलिंडरचे 272.4 आणि चारांचे 1089. बरोबर जुळतं. क्रँक ग्राइंड केली की स्ट्रोक बदलतो असं बरेच जण समजतात, पण जर्नलचा मध्य जागेवर राहिला तर स्ट्रोक 7.5 च राहतो. बदलतो तो फक्त बोअर.

बाबांच्या फायलीत 1996 चं एका गॅरेजचं बिल होतं. चारही सिलिंडर अर्धा मिलिमीटर रिबोअर, चार नवे पिस्टन. बाबा सगळी बिलं जपून ठेवतात, लाइटचीसुद्धा. म्हणजे व्यास 68.5. एका सिलिंडरचे 276.4, एकूण साधारण 1106. मी कागदावर आकडा लिहून मोकळा झालो होतो.

मेस्त्रींनी बोअर गेज घातला. झीज वरच्या बाजूला जास्त असते, म्हणून माप अगदी खाली, जिथं रिंग पोचत नाही तिथं घेतलं. पहिला 68.5, दुसरा, तिसरा तसाच. चौथा 69! पुन्हा मोजलं, तेच. एकच सिलिंडर जास्त कापलेला आणि त्यात वेगळ्या मापाचा पिस्टन. एकाला चारानं गुणून इथं भागत नाही, प्रत्येकाचं वेगळं काढून बेरीज करावी लागते. तीन वेळा 276.4 अधिक 280.4, म्हणजे जवळजवळ 1110.

घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबा आता शहाऐंशीचे. “चार पिस्टनचे पैसे दिले होते,” एवढंच म्हणाले, आणि चष्मा काढून पुसत बसले. खरंच चार घातले होते का, की बिघडलेला सिलिंडर परस्पर जास्त कापून निस्तरला, हे आता कोण सांगणार? पण गाडी तेव्हापासून थरथरते, हे ते वर्षानुवर्षं म्हणत होते आणि आम्ही हसत होतो. ते मला लागलं.

आता करायचं काय? एक मार्ग, उरलेले तीनही 69 करायचे. होतात 1122 सीसी. गॅरेजबाहेर उभे असलेले दोघे लगेच म्हणाले, “भारीच की, गाडी पळंल!” मंडळी, 1089 च्या पुढे 33 सीसी, म्हणजे सिलिंडरमागे चहाचा दीड चमचा. रिबोअरनंतर गाडी पळते ती त्या चमच्यामुळे नाही, नव्या रिंगांनी दाब धरल्यामुळे. आणि चौथा तर स्वतःच झिजलेला, तो 69 वर थांबणारच नव्हता. ब्लॉक कापत गेलं तर तसा नवा ब्लॉक आता कुठून आणायचा?

म्हणून चारही सिलिंडरना लाइनर बसवले. त्यासाठीही ब्लॉक कापावा लागतोच, खोटं कशाला सांगू. पण पुढं झिजेल तो लाइनर, आणि तो बदलता येतो. बोअर पुन्हा 68, पिस्टन चारही एकाच वजनाचे. मेस्त्रींच्या तराजूवर बाबांनी स्वतः बसून तोलून घेतले. आकडा पुन्हा बुकातला, 1089.

सध्या रनिंग-इन चालू आहे. पहिले हजार किलोमीटर जोरात पळवायची नाही, असं मेस्त्रींनी बजावलंय. आत्तापर्यंत 320 झालेत, शेजारच्या सीटवर बाबा. तेव्हा सकाळी गेटपाशी आमच्यामागं अडकलात तर कृपा करून हॉर्न वाजवू नका.