कै. उद्धव शेळके यांचे स्मारक कसे असावे?

(हिवरखेड येथे संत नामदेवमहाराजांच्या पुण्यतिथीस केलेले भाषण)



आज आषाढ वद्य त्रयोदशी. इ. स. १३५० साली याच तिथीस नामदेवमहाराजांनी देह ठेविला. या दिवशी चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. विषय मात्र आम्ही मागून घेतला आहे. आपल्या गावी ८ ऑक्टोबर रोजी जन्मलेले कादंबरीकार कै. उद्धव शेळके यांचा अर्धपुतळा वेशीजवळ बसवावा, अशी सूचना मंडळापुढे आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू निर्मळ आहे. तरीही आमचे मत निराळे आहे आणि ते आज सांगावयाचे आहे.

त्यासाठी थोडे दूर जावे लागेल. स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी नावाचा द्वीपसमूह आहे. तेथील स्ट्रॉमनेस या लहानशा बंदरात जॉर्ज मॅके ब्राऊन हा कवी १९२१ साली जन्मला. त्याचा बाप शिंपीकाम करी आणि टपालही वाटी. (हे वाचले तेव्हा हा कवी आम्हांस एकदम भावकीतला वाटू लागला!) क्षयाने तारुण्य पोखरलेल्या या माणसाने जवळजवळ सारे आयुष्य त्याच गावात काढले, आणि कोळी व शेतकरी यांच्याविषयी लिहिले. १९७७ साली पीटर मॅक्सवेल डेव्हिस या संगीतकारासह त्याने व इतरांनी तेथे सेंट मॅग्नस उत्सव सुरू केला. मॅग्नस हा त्या बेटांचा संत. त्याच्यावरील ब्राऊनच्या कादंबरीची संगीतिका पहिल्याच वर्षी झाली, आणि तीही त्या संताच्या अस्थी जेथे आहेत त्याच जुन्या मंदिरात. १९९६ च्या एप्रिलात कवी निवर्तला; त्याला मूठमाती मिळाली ती मॅग्नसच्याच सणाच्या दिवशी. उत्सव पुढेही चालू राहिला. त्याच्या गायकवृंदात बेटांवरचीच माणसे गातात. आम्हांस मोल वाटते ते याचे.

ही रीत आपणांस परकी आहे काय? नामदेवमहाराजांची ६१ पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात आहेत व पंजाबात ती आजही गाइली जातात. शिंप्याच्या घरचा शब्द एवढा दूर गेला तो कीर्तनातून, लोकांच्या कंठातून. शेजारच्या तिवसा तालुक्यात मोझरीस तुकडोजीमहाराजांच्या पुण्यतिथीला जो लोटतो तो समुदायही खंजिरीवरची त्यांची भजने म्हणतच येतो.

आता शेळक्यांकडे वळू. त्यांनी पुष्कळ लिहिले; त्यातले सारेच तोलाचे होते असे आम्ही म्हणणार नाही. पण १९६० साली निघालेली ‘धग’ ही मराठीतली थोर कादंबरी आहे. तिच्यातले घर आपले आहे. नवरा महादेव शिंपी, संसार ओढणारी कौतिक, आणि मुलाने शिकावे म्हणून तिची चाललेली जिवापाड धडपड. आणि माणसे बोलतात ती वऱ्हाडी, आपल्या ओसरीवरची.

येथे आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. आम्ही तीस वर्षांहून अधिक काळ प्राथमिक शाळेत मास्तरकी केली. मुलाने वहीत ‘मले’ लिहिले की तांबड्या शाईने खोडून ‘मला’ करावयाचे, ‘काहून’चे ‘का’ करावयाचे, आणि पुन्हा चूक झाली तर हातावर छडी. शुद्ध लिहिणे शिकविणे हे आमचे कामच होते. त्याचा खेद नाही. परंतु ती बोली म्हणजे घाण आहे, असे जे आमच्या मुद्रेवर दिसे, त्याचा आहे. ज्या बोलीत ‘धग’ उभी राहिली तिच्यासाठी या गावातल्या पोरांनी आमच्या हातच्या छड्या खाल्ल्या. सेवानिवृत्तीनंतर ती कादंबरी आम्ही प्रथमच सबंध वाचली. कौतिकच्या तोंडी आमच्या मायचे बोलणे ऐकले आणि पुस्तक मिटून ठेवावे लागले.

पुतळ्याला गाव वर्षातून एक हार घालील, आणि कौतिक कोण हे गावातल्या मुलीला ठाऊक नसले तरी त्याचे काही अडणार नाही. म्हणून आमची विनंती अशी की, जमलेली वर्गणी दगडात न घालता ८ ऑक्टोबरपासून तीन रात्री येथेच सभामंडपात ‘धग’मधील निवडक प्रसंगांचे वाचन करावे. कौतिकचे बोलणे आपल्या भगिनींनीच वाचावे. ज्या आजही यंत्रावर परकर-पोलकी शिवून घर चालवितात त्यांना ते कोणी शिकवावे लागणार नाही. मधल्या कथेसाठी निवेदक असावा, कीर्तनकारासारखा उभा राहून सांगणारा. जमल्यास पुढील वर्षी नाटक करू; दंडारीत सोंगे वठविलेली म्हातारी मंडळी अद्याप आहेत. मात्र नाटकाला वारसांची लेखी संमती लागेल. शेळके ३ एप्रिल १९९२ रोजी वारले आणि आपल्या कायद्याने स्वामित्वहक्क लेखकामागे ६० वर्षे राहतो. वाचनाविषयीही त्यांना आधी पत्र घालावे हे बरे. ते पत्र लिहिण्याचे काम आम्ही घेतो.

तालमी आमच्या ओसरीवर होऊ शकतील. अडचण एकच. आमच्याजवळची प्रत जुनी असून तिची पाने सुटली आहेत. ज्यांच्या घरी दुसरी असेल त्यांनी पोळ्यापूर्वी चिटणिसांकडे आणून द्यावी. पोच मिळेल व प्रत परतही मिळेल.