वैमानिकाचं भान हरपतं तेव्हा



सप्टेंबर 2024 मध्ये भारतीय हवाई दलाची मिग-29 आणि जग्वार विमानं ओमानच्या मसीरा बेटावर उतरली होती. ‘ईस्टर्न ब्रिज’ या दोन देशांच्या संयुक्त सरावाची ती सातवी खेप. मसीराच्या चहूबाजूंना अरबी समुद्र. अशा समुद्रावर अंधाऱ्या रात्री उडणाऱ्या वैमानिकाला शत्रूच्या आधी स्वतःच्या कानांशी झुंजावं लागतं.

ते कसं, सांगतो. आपला तोल सांभाळणाऱ्या नलिका कानाच्या आत असतात. विमान एका बाजूला कलून सावकाश, बराच वेळ वळत राहिलं की त्या नलिकांमधला द्रव स्थिरावतो आणि मेंदूला वाटतं, आपण सरळच चाललोय. मग विमान खरोखर सरळ केलं की उलट्या बाजूला कलल्याचा भास होतो. त्यात खाली मासेमारी होड्यांचे दिवे, वर चांदण्या आणि मध्ये क्षितिजाचा पत्ता नाही. दिवे कुठले नि तारे कुठले, इथे भलेभले अनुभवी वैमानिक फसतात.

ओमानकडच्या टायफून विमानांत या प्रसंगासाठी एक बटण आहे. ते दाबलं की विमान आपणहून सावरतं. मिग-29 मध्येही तशी सोय आहे. पण बटण दाबायला आपण भरकटलोय हे आधी कळायला हवं, आणि शुद्धीवर असायला हवं. वेगात घेतलेल्या वळणात शरीर आठपट जड होऊ शकतं, रक्त पायांकडे ओढलं जातं आणि क्षणात शुद्ध हरपू शकते.

मे 2016 मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनात हेच घडलं. एफ-16 लढाऊ विमान चालवणारा शिकाऊ वैमानिक बेशुद्ध पडला, विमान नाक खाली करून सुटलं. प्रशिक्षक रेडिओवरून ओरडत होता, उत्तर नव्हतं. शेवटी विमानातल्या संगणकानेच जमीन जवळ आल्याचं ताडून विमान वर उचललं. तरुण वाचला! ही व्यवस्था अगदी शेवटपर्यंत मध्ये पडत नाही, आणि वैमानिक तिला थांबवूही शकतो. म्हणून वैमानिकांचा तिच्यावर विश्वास बसला.

काटेकोरपणे पाहिलं तर ही कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हे. भूभागाचा नकाशा आणि गणित, बस. खरी कृत्रिम बुद्धिमत्ता 2023 मध्ये कॅलिफोर्नियात एक्स-62ए या विमानातून माणूस चालवत असलेल्या एफ-16 शी हवाई झुंजीचा सराव करून आली. तिचाच गाजावाजा जास्त होतो. मला मात्र वाटतं, या बुद्धीने आधी वैमानिकाचे डोळे, श्वास, हाताची हालचाल वाचायला शिकावं. तो भरकटलाय हे त्याच्याआधी ओळखावं. शस्त्र सोडण्याचा निर्णय माणसाकडेच राहू दे.

आपल्या नाशिकजवळ ओझरला आता तेजस मार्क-1ए हे लढाऊ विमान बांधलं जातंय. त्याचं उड्डाण संगणकामार्फतच नियंत्रित होतं, त्यामुळे वैमानिक भरकटलाय हे ओळखून विमान सावरणारा राखणदार त्यात बसवण्याचा पाया तयारच आहे. ओझरहून निघणाऱ्या प्रत्येक विमानात तो असावा, आणि झुंजीच्या प्रयोगांआधी पैसा त्यावर खर्च व्हावा.